वाढवलेला जोर आणि टळलेली वेळ

मित्रांनो, आज माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. आईला आणि मला नदीवरच्या रामघाटावर न्यायला माझ्या मुलानं त्याची सेडान काढली. तिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो आणि तो जोर त्यानं नुकताच वाढवून घेतला होता.

नानाखेड्याच्या सिग्नलवर शेजारच्या गाडीवाल्यानं डिवचलं, "दम है क्या, भैया?" सिग्नल सुटताच मुलानं ॲक्सिलरेटर दाबला. चाकांनी रस्ता घट्ट धरला आणि सगळा जोर जुन्या गिअरबॉक्सवर आला. तो तुटला.

ई-रिक्षानं घाटावर पोहोचलो तेव्हा श्राद्धाची वेळ टळली होती. आई पिंडाचं साहित्य मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

"गिअरबॉक्सपण तगडा बसवतो, पापा," मुलगा म्हणाला.

उद्या आणखी काही तुटेल, तेही तो बदलेल. आजची तिथी कशी बदलू, तेवढं कुणी सांगा.