शमीमच्या दुकानात रडायची मुभा होती

शमीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. कांदा करपला. ती असती तर म्हणाली असती, "नाटके, माझ्या नावावर खपवू नको. रोजच करपतोय तुझा."

भोरच्या बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान. लग्न ठरलेल्या पोरी भीतीनं मूठ आवळून बसायच्या आणि ही म्हणायची, "दुखतंय ना? मग रड की. हितं कोण बघतंय?" पोरगी रडायची, हात सैल पडायचा, बांगडी अलगद आत. मी तिची शाळेपासूनची मैत्रीण. बाकड्यावर बसून त्या रडण्याला दहापैकी मार्क द्यायचे.

मग शमीमलाच कॅन्सर झाला. पुण्याला उपचार सुरू झाले, गाठ लहानही होऊ लागली. पण बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली. झोप नाही, जेवण नाही. पुण्याला निघालं की नसरापूर यायच्या आधीच छातीत धडधड. आम्हा सगळ्यांचं एकच पालुपद... धीर धर, हसत राहा. मी तर नकला करून दाखवायचे आणि ती उपकार केल्यासारखी हसायची. एके दिवशी म्हणाली, "आता म्या पुण्याला जायची न्हाई. बास."

माझ्या नकला संपल्या. मी विचारलं, "शमे, तुझ्या दुकानात कुणी रडलं तर काय करतेस?"

"रडू देती."

"मग तू का हसतेस?"

"तू लई दमतीस गं हसवून..." म्हणाली आणि रडली. पोटभर. मी मार्क द्यायचे विसरले.

आम्ही हे सगळं तिच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, हाही आजारच, यावरही उपचार आहेत. आणि त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळ्या, मोकळं बोलणं, श्वासाचे व्यायाम. फरक पडायला काही आठवडे लागले. भीती पुरती गेली नाहीच, पण पुण्याची फेरी एकही चुकली नाही. पुढं काही वर्षं ती दुकानात ऐटीत बसली. कॅन्सर उलटला तेव्हाही घाबरली, पण या वेळी घाबरल्याचं सरळ सांगितलं.

शेवटी शेवटी तिनं गिऱ्हाइकाला "कशी आहेस?" विचारणं सोडलं. "समद्या बरीच म्हणत्यात," म्हणायची. त्याऐवजी विचारायची, "झोप लागती का?" पासली गावच्या एका बाईनं त्यावर तासभर मन मोकळं केलं आणि बांगड्या न घेताच गेली. शमीम दिवसभर खूश.

परवा मी दुकानात गेले. तिची सून बसली होती. तिनं काही विचारायच्या आधीच मी तोंडभर हसून म्हटलं, "मी एकदम मजेत."

"व्हय? मावशी, झोप लागती का?"

"न्हाई गं," मी म्हणाले.

तिनं बांगड्यांचे डबे सरकवून मला बसायला जागा केली.