शाडूच्या तळाशी

आजवर कोणालाही, अगदी बायकोला, अनघालाही न सांगितलेली गोष्ट सांगतो: ती मोहनमाळ चोरीला गेलीच नव्हती.

भिजल्या शाडूचा वास अजून नाकात आहे. आखातातल्या अल रीम आयलंडवरची आमची बाल्कनी, भाद्रपदातली खारट, घामट हवा, समोरच्या काचेच्या मनोऱ्यांवर विझत चाललेलं केशरी ऊन आणि विसर्जनासाठी मांडलेली निळी बादली. उत्तरपूजेच्या आरतीला मित्रमंडळी जमली होती. "ऑफिसला सुट्टी का रे आज?" कोणीतरी विचारलं. घरकामाला ठेवलेली मालवणकडची सुनंदा प्रसाद फिरवत होती. ती हसत म्हणाली, "सायबांका रोजच सुट्टी! खाली गाडयेत निजान असतत." नोकरी गेल्याचं मी घरी लपवलं होतं, रोज टाय बांधून तळघरातल्या पार्किंगमध्ये बसून राहायचो. हशा पिकला, मग अवघडून थांबला. "डॅड, सीरियसली?" मुलगी म्हणाली.

त्या तिरमिरीत मी मूर्ती उचलली आणि निर्माल्य न उतरवताच, गळ्यातल्या शेवंतीच्या हारांसकट, पाण्यात सोडली. दिवेलागणीला अनघाला बाप्पाला घातलेली आपली माळ सापडेना. "आवराआवर कोणी केली ते बघ," मी शांतपणे म्हणालो. पोलीस आले तेव्हा सुनंदा रडली नाही. "माज्या तोंडाकडे बघून सांगा, सायबानू, मियाच घेतलंय म्हणान."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. "हिनंच," म्हणालो.

सकाळी सोंड विरघळली होती, कान गळले होते. गढूळ तळाशी हात घातला तर बोटांत सोनं गुंतलं. तिला सोडवायला पोलिसांना एक फोन पुरेसा होता. मी ती माळ मातीसकट तुळशीच्या कुंडीत खोल पुरली. जिनं मला चारचौघांत उघडं पाडलं, तिला आता चारचौघांत चोर म्हणवून घ्यावं लागेल, या विचारानं अंगभर चंदनाच्या उटीसारखा गारवा पसरला. तुरुंग भोगून तिची मायदेशी रवानगी झाली, तोवर तो ओसरला नव्हता.

तिला इथे आणणारा एजंट परवा सहज बोलून गेला, गावात तिला कोणी हळदीकुंकवालाही बोलवत नाही.

अनघा रोज त्या तुळशीला पाणी घालते. मंजिऱ्या दाट येतात, खाऱ्या वाऱ्यावर घरभर दरवळतात, आणि मला खिडकी लावून घ्यावी लागते.

सुनंदाच्या गावी जाऊन, तिच्या दारात, तिच्या माणसांसमोर "ही चोर नव्हे, मी खोटं बोललो" एवढं म्हणायचं मी देणं लागतो. अजून गेलेलो नाही.