गाडी बी तिची, चालवते बी तीच

प्रवासाहून परत आलं की कपडे दोन दिवसांत धुऊन होतात, कोणी दिलेलं लोणचं फडताळात जातं, गाडीतली धूळसुद्धा निघते. किस्से तेवढे निघत नाहीत. उलट वाढतात. जेवायला बसलं की एकाला एक आठवतो, दुसरा म्हणतो तसं नव्हतंच, तिसरा म्हणतो थांबा, मी सांगतो. यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही नागपूरहून वाशीम जिल्ह्यात नातेवाईक आणि जुन्या मित्रांना भेटायला गेलो होतो, तेव्हापासून आमच्या घरी हेच चालू आहे. म्हटलं, बाकीच्यांनी आणखी मीठमसाला घालायच्या आत आपण सांगून मोकळं व्हावं.

आम्ही चौघं होतो. मी प्रकाश, एका शाळेत लॅब असिस्टंट. बायको संगीता. माझी आई, जिनं दुसऱ्यांच्या वावरात निंदण-खुरपण करून मला शिकवलं. आणि मुलगी प्राची, जिला नुकतीच नोकरी लागली आणि जिनं पहिल्याच वर्षी कार घेतली. सेकंडहँड आहे, पण आमच्या अख्ख्या खानदानात पहिली! मला कार चालवता येत नाही. क्लास लावला होता, पण शिकवणाराच एक दिवस हात जोडून म्हणाला, सर, तुम्ही सायकल छान चालवता. त्यामुळे ड्रायव्हर प्राची.

*

निघतानाच प्राचीनं सांगून टाकलं की मागं बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा. आईला तिनं स्वतः बेल्ट लावून दिला. आईनं तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला.

"मले बांधून कायले ठेवतं वं? मी का पळून जाऊन राह्यली?"

कारंज्याच्या अलीकडे ट्रॅफिक हवालदारानं हात केला. तो सरळ माझ्या खिडकीशी आला आणि लायसन्स मागितलं. मी म्हटलं, मी चालवत नाही. मग त्यानं गाडीचे कागद मागितले, तेही माझ्याकडेच. मी म्हटलं, ते पण माझ्याकडे नाहीत. त्यानं मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"मग तुमी कोन?"

प्रश्न बरोबर होता. मागून आई बोलली, "गाडी बी तिची, चालवते बी तीच. हा तिचा बाप हाय. बसून चालला."

हवालदारानं प्राचीचं लायसन्स पाहिलं, कागद पाहिले, सगळं परत दिलं. जाताना पुन्हा माझ्याच खिडकीशी आला आणि म्हणाला, "बसा साहेब, बसा. नशीब लागते."

*

पहिला मुक्काम धनजला, शांताआत्याकडे. माझ्या बापाची धाकटी बहीण. एकटीच राहते. घर, अंगण आणि अंगणात एक बकरी, एवढा तिचा संसार. भाच्याची पोरगी डॉक्टर झाली हे तिनं अख्ख्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं होतं. आम्ही हातपाय धुऊन ओसरीवर बसत नाही तोच माणसं यायला लागली. कोणाचा गुडघा, कोणाची पाठ, एका आजोबांनी तर जुन्या गोळ्यांची पिशवीच आणली.

प्राचीनं सगळ्यांना नम्रपणे सांगितलं की ती जनावरांची डॉक्टर आहे.

माणसं उठून गेली. आत्याचा चेहरा पडला. चहा देताना तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मानसायच्या डॉक्टरकीत नंबर नाही लागला काय रे पोरीचा?"

मी समजावून थकलो. ती म्हणे, असू दे बापा, हे बी कामच हाय. पण आवाजात जीव नव्हता. प्राचीनं ऐकलं होतं.

ऊन उतरलं आणि बकरी ओरडायला लागली. व्यायचे दिवस भरलेच होते. पण बराच वेळ झाला तरी पिल्लू येईना. बकरी आडवी पडली, डोळे पांढरे करायला लागली. शेजारच्या बाया जमल्या. त्यातली एक म्हणाली, आता काही खरं नाही. आत्या बकरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि लहान पोरासारखी रडायला लागली. आत्याला असं रडताना मी तिचा नवरा गेला तेव्हाच पाहिलं होतं.

प्राचीनं ओढणी कमरेला बांधली. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, गोडं तेल मागवलं आणि सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. पिल्लाचा एक पाय मागं मुडपला होता. तिनं डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चाचपत तो पाय पुढं आणला. मग बकरीनं कळ दिली की ओढायचं, ती थांबली की थांबायचं. अंगणात इतकी माणसं होती, पण आवाज फक्त बकरीचा.

पिल्लू बाहेर आलं तेव्हा हलत नव्हतं. प्राचीनं त्याचं नाकतोंड पुसलं, पोत्याच्या तुकड्यानं खसाखसा चोळलं. ते शिंकलं! आणि त्याच्या मागोमाग दुसरं, एकदम सहज.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा आत्या दारात उभी राहून शेजारणीला सांगत होती. "मानसाचा डॉक्टर काय, तो इचारते, कुठं दुखते? मानूस सांगते. इले तं बकरी काहीच सांगत नाही, तरी समजते."

*

पोहरादेवीजवळ माझा हॉस्टेलचा मित्र राहतो, बबन राठोड. आता शिक्षक आहे. यात्रेत तिथं पाय ठेवायला जागा नसते, पण मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर आम्ही आणि दोन कुत्री. बबन उन्हात उभा राहून वाट पाहत होता.

जेवण झाल्यावर त्यानं पेटीतून एक शर्ट काढला. पांढरा होता कधीतरी. हॉस्टेलात आम्हा दोघांत मुलाखतीला घालण्यासारखा हा एकच शर्ट होता. तो घालून आधी मी मुलाखत दिली, नोकरी लागली. मग तोच धुऊन, गादीखाली घडी दाबून, बबननं दिली. त्यालाही लागली.

बबनची बायको म्हणाली की तिनं कितीदा तरी तो फरशी पुसायला काढला आणि नवऱ्यानं दरवेळी हातातून हिसकून घेतला.

प्राचीनं शर्ट हातात घेतला. "पण काका, हा होता कोणाचा?"

"तुह्या बापाचा," बबन म्हणाला.

"बबनचा," मी म्हणालो.

दोघंही एकदम बोललो. मग तासभर वाद. मी म्हणतो, त्याच्या बापानं मानोऱ्याच्या बाजारातून आणला होता. तो म्हणतो, प्रकाशच्या आईनं मजुरीच्या पैशातून शिवला होता. शेवटी आईला विचारलं. तिनं शर्ट उलटा केला, शिवण पाहिली, कॉलर पाहिली आणि घडी घालून बबनच्याच पेटीत ठेवला.

"दोघायचं बी काम झालं ना? मग कायले भांडता?"

*

वाशीमच्या अलीकडे काशाबाईंचा भाजीचा मळा आहे. आई बरीच वर्षं त्यांच्याकडे कामाला होती. सकाळी दोघी वांगी, गवार तोडायच्या आणि टोपल्या डोक्यावर घेऊन वाशीमच्या बाजारात पायी जायच्या. मालकीण आणि मजूर कागदावर. रस्त्यावर दोघी मैत्रिणी.

आता दोघींना डोक्यावर ओझं पेलत नाही, पण भेटल्यावर बाजाराच्याच गोष्टी निघाल्या. प्राची म्हणाली, चला की मग, गाडी आहे. संगीतानं माझ्याकडे पाहिलं, मी सीटच्या कव्हरकडे पाहिलं. तोवर वांग्यांच्या टोपल्या डिकीत गेल्या होत्या.

बाजारात दोघींनी गाडीच्या सावलीत पोतं अंथरलं आणि दुकान लावलं. आईचा आवाज मी असा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. अर्धा बाजार वळून पाहत होता. एक बाई बराच वेळ घासाघीस करत होती. शेवटी गाडीकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी, कारमंधी भाजी आनता अन् भाव कमी करत नाही?"

काशाबाई वजन करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कारमंधी आनली म्हून तं कमी होत नाही."

*

त्याच बाजारातून बाहेर पडताना एका गल्लीत गाडी अडकली. पुढं हातगाडी, मागं ऑटो, बाजूला मोटारसायकली. बघे लगेच जमले. दहा जण दहा दिशांना हात हलवायला लागले. मागचा ऑटोवाला उतरून आला आणि प्राचीला म्हणाला, ताई, तुम्ही उतरा, मी काढून देतो.

आईनं काच खाली केली. "तू आंधी तुहा ऑटो काढ बापा. मंग तिची गाडी आपोआपच निंघते."

त्यानं काढला. निघाली.

*

शेवटच्या दिवशी संगीताला तिच्या गुरुजींकडे जायचं होतं. तिचं माहेर वाशीमचं, शाळाही तिथलीच. गुरुजींना प्राची दाखवायची, हे ती प्राचीला नोकरी लागली त्या दिवसापासून म्हणत होती.

दार त्यांच्या मुलानं उघडलं. तो आधीच म्हणाला, बाबांना हल्ली काही आठवत नाही, एखाद्या दिवशी आम्हालाही ओळखत नाहीत, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

गुरुजी पलंगावर बसले होते. आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही बसलो. संगीता दाराजवळ खालीच बसली. ही तिची लहानपणापासूनची सवय आहे, कुठल्याही घरी गेलो की ती दाराजवळची जागा धरते. तिनं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं, मोहल्ला सांगितला, वर्ग सांगितला. गुरुजी हसून मान हलवत राहिले. प्राचीनं पाया पडून सांगितलं की ती डॉक्टर झाली. त्यांनी तिला आशीर्वाद दिला आणि विचारलं, पाऊस आला का? थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं.

चहा झाला. संगीता रिकाम्या कपाकडे पाहत होती. मी उठायची खूण केली. गुरुजींच्या मुलानं नजरेनंच माफी मागितली.

तेवढ्यात गुरुजींची नजर दाराकडे गेली आणि तिथंच थांबली. आवाज चढला, अगदी वर्गातला.

"तू दारात कायले बसली? तुले मी पुढच्या बाकावर बसवलं होतं ना?"

संगीता उठली आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसली.