ज्याचा मासा त्यानं चिरावा

"अगं, तुमच्यात कसला आलाय श्रावण?"

सर असं म्हणाले आणि सगळी प्रयोगशाळा हसली.

श्रावणी सोमवार होता. टेबलांवर ट्रे मांडलेले, प्रत्येक ट्रेत एक रोहू. ते रोहू मीच आणलेले. धरणाच्या काठावरच्या आमच्या गावातनं, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून, सकाळच्या एसटीनं. कंडक्टर म्हणाला होता, "ताई, खोकं मागं न्या, पाणी गळतंय." मग मीबी खोक्यासंगं मागं बसून आले.

माशाचं पोट चिरायचं, आतडं काढायचं, त्यानं काय खाल्लंय ते बघायचं आणि जर्नलमध्ये चित्र काढायचं. ज्याचं त्यानं. अभ्यासक्रमात तसंच आहे. पण कुणाचा उपवास होता, कुणाच्या घरी चालत नव्हतं, कुणाला नुसतीच किळस. प्रयोगशाळेतले शिपाईमामा नाकाला रुमाल लावून खिडकीत उभे. सर टेबलापासून चांगले दोन हात लांब.

"श्रावण आहे, समजून घेतलं पाहिजे," सर म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. "सगळ्यांचे तूच चिर. बाकीच्यांनी फोटो काढून घ्या, चित्र त्यावरून काढा."

मी हळूच म्हणाले, "सर, आमच्या घरीपण श्रावण पाळतात."

तेव्हा सर ते बोलले. रागानं नाय. हसत हसत, लाडानं बोलावं तसं. आणि सगळ्यांनी दात काढले. मीपण काढले. का हसले मी? आजपण आठवलं की स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटतं.

मी कात्री उचलली. एक ट्रे झाला, दुसरा झाला. तिसऱ्याचं पोट उघडलं आणि अंडी बाहेर आली. पोटभर अंडी. ऋचा नावाची मुलगी होती, सरांची लाडकी, ती ओरडली, "ई! हे काय येतंय बाहेर?"

सर खूश झाले. लांबूनच पेन रोखून समजावून सांगायला लागले, "बघा, हा प्रजननाचा काळ. ह्या दिवसांत मासेमारीला बंदी असते. परीक्षेला हमखास येतं, लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मग अंड्यांचे फोटो काढले. बंदी आहे तर हे मासे आले कुठनं, हे एकानंबी विचारलं नाय. माझे हात मनगटापर्यंत अंड्यांनी भरले होते, म्हणून मला काही लिहिता आलं नाय.

आम्ही भोई, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे. आमच्या पोराबाळांना पाण्याची भीती नसते, पण पाण्याबद्दल आम्हाला कुणी काही सांगत नसतं. उन्हाळ्यात आमच्या बाजूचं पाणी हिरवं पडतं आणि कधी कधी मासे उलटे होऊन वर येतात. मग साहेब लोक येतात, बाटल्या भरतात, जीपमध्ये बसतात, जातात. त्या बाटल्यांचं पुढं काय झालं, ते आमच्या गावाला कधी कळलं नाय. लहानपणी मी त्या जीपमागं पळायचे. पाणी हिरवं का झालं, एवढंच मला विचारायचं होतं. जीप कधी थांबली नाय.

म्हणून मी शिकायला आले. पहिलं वर्ष तालुक्याच्या कॉलेजात काढलं. तिथं मैत्रिणी होत्या, एका डब्यात चौघींचे हात असायचे. पण मत्स्यशास्त्र आणि जलसंपदा हा विषय तिथं नव्हता. तो संभाजीनगरात. टीसी काढायला गेले तेव्हा तिथले क्लार्कच म्हणाले, "पोरी, कशाला जातीस? हितं सगळी आपली हायती." मी म्हणाले, मला तो विषय पाहिजे. आबा, म्हणजे माझे वडील, बाहेर पायरीवर बसले होते. टीसी हातात घेऊन त्यांनी उलटीसुलटी बघितली आणि म्हणाले, "आता जायचं म्हंजी जायचं."

दुसऱ्या वर्षाला मधेच शिरणं म्हणजे भरल्या पंगतीत उशिरा जाऊन उभं राहणं. सगळ्यांच्या जोड्या ठरलेल्या, बाकं ठरलेली, ग्रुप ठरलेले. हजेरीत माझं नाव सगळ्यात खाली, छापलेल्या नावांच्या शेवटी पेनानं लिहिलेलं. सर कधी कधी तिथवर पोचायच्या आधीच हजेरी मिटायचे. मी "हजर" म्हणायला तोंड उघडलेलं असायचं, ते तसंच मिटायचं.

मुकुंदवाडीत स्टेशनच्या मागं एक खोली घेतली होती. शनिवारी गावी जायचे, सोमवारी सकाळच्या एसटीनं परत यायचे. घरमालकीण काकू बोलायला गोड, पण माझे कपडे वेगळ्या दोरीवर वाळत घालायला सांगायची. "वास धरतो गं." संध्याकाळी मी एकटीच भात टाकायचे आणि एकटीच खायचे. गाडीची शिट्टी वाजली की वाटायचं, कुणीतरी हाक मारली. दिवसभरात माझ्याशी कुणी एक वाक्य बोललं नाय, असे किती दिवस गेले! बाकीची पोरंपोरी कॉलेज सुटलं की क्रांती चौकात चहाला जायची. मला "येतेस का" असं एकदाबी कुणी म्हणलं नाय. म्हणलं असतं तर मी पळत गेले असते.

पहिल्या दिवशी सरांनी मला उभं करून गाव विचारलं, आडनाव विचारलं. मग म्हणाले, "म्हणजे भोई ना तुम्ही? अरे वा! मग तुला काय शिकवायचं, तुमच्या तर रक्तातच आहे!"

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. वाटलं, एवढ्या मोठ्या सरांनी ओळखलं आपल्याला.

मग सुरू झालं. "तू धरणाकाठची ना? येताना पाणी घेऊन ये." मी कॅन भरून आणला. पुढच्या सोमवारी गाळ. गाळाचं ओझं एसटीतून उतरवताना खांदा निखळायची वेळ आली. बाकीच्यांनी त्या पाण्यात थेंब टाकून रंग बघितला. मी धुतल्या त्या बाटल्या. "तुला काय, हे सगळं तुझ्या घरचंच." रंग का बदलतो, ते मी सिंकपाशी उभी राहून, नळ बारीक करून ऐकलं.

आणि मग मासे. मी शुक्रवारी सरांना सांगितलं होतं, "सर, आता नाही मिळणार. जाळं वर आहे." आमच्यात पाऊस लागला, माशाला अंडी धरली की जाळं धुवून आढ्याला टांगतात. त्या दिवसांत पाण्यात जाळं टाकलेलं कुणी बघितलं, तर आमचीच माणसं त्याच्याशी बोलणं सोडतात. आबांनी जन्मात कधी टाकलं नव्हतं.

सर म्हणाले होते, "बाजारात पाठवलं असतं, पण मामांचा श्रावण. तू बघ ना घरी विचारून. तुझ्या इंटर्नलचंही मलाच बघायचंय."

मी फोन केला. आबांनी किती पाहिजेत ते विचारलं. मग म्हणाले, "बरं."

त्या "बरं"चा अर्थ मला सोमवारी संध्याकाळी कळला. खोलीवर येऊन मी लिंबानं हात घासत होते. वास जातच नव्हता. आईला फोन लावला आणि सर काय बोलले ते सांगितलं. आईला लई लागलं.

"आगं मंग सांगायचं की रोखठोक, आमच्यातबी पाळत्यात! तुझी आजी सोमवार धरायची. देवाचं नाव घे, सर सोडतील. पर भांडू नको बाई. पाण्यात राहून माशाशी वैर नाय करू."

"आई, आबांनी मासे कुठनं आणले?"





"कुठनं आणतील? तू निजली व्हतीस, झुंजूमुंजू व्हायच्या आत गेलते. टॉर्च न घेता. कुणाला दिसू नये म्हणून लांब, दगडाच्या अंगानं. आल्यावर जाळं गोणीखाली लपीवलं. आता काय बोलू? आपलीच मोरी आन् मुताया चोरी."

मी फोन ठेवला आणि लई रडले. माझा बाप. ज्या पाण्यात त्यानं जन्म काढला, त्याच पाण्यात तो माझ्यापायी चोरासारखा गेला. कशासाठी? श्रावण पाळणाऱ्यांना फोटो काढता यावेत म्हणून! अंडी सांडली माझ्या हातावर, बंदी लिहिली त्यांच्या वहीत, आणि तोंड लपवायची पाळी आबांवर.

रडून झाल्यावर डोकं थंड झालं. आई म्हणते तसं मी सांगू शकत होते. मीपण सोमवार धरला असता, कपाळाला गंध लावलं असतं, "सर, मलाही चालत नाही" म्हणले असते. कदाचित सुटले असते. पण मग मासा कोण चिरणार होतं? कुणीच नाय. आणि मी तर मासा चिरायला शिकायलाच आले होते. मला त्यांच्यासारखं लांब उभं राहायचं नव्हतं. मला माझा ट्रे पाहिजे होता. एक ट्रे, एक मासा, एक वही, आणि शिकवताना माझ्याकडं बघून बोलणारा मास्तर. बास्स. एवढंच तर मागत होते मी, आणि तेवढंच मला कुणी देत नव्हतं.

पुढच्या सोमवारीही मासेच लागणार होते, पण मी मोकळ्या हातानं गेले. एसटीत पुढं बसले, खिडकीपाशी.

सरांनी टेबलावर बघितलं. "खोकं कुठंय?"

"नाही आणलं."

"का?"

"सर, मासे अंड्यावर आहेत. माझे वडील आता जाळं टाकणार नाहीत."

"मग बाजारातून आणायचे."

"ते मामांचं काम आहे. मी विद्यार्थिनी आहे."

मासे येणार म्हणून मामांनी आधीच नाकाला लावलेला रुमाल खाली घेतला. ऋचा म्हणाली, "मग आमच्या प्रॅक्टिकलचं काय?" हे तिनं मलाच विचारलं, सरांना नाही!

सर जवळ आले. पहिल्यांदाच एवढे जवळ. "अगं, पिढीजात काम आहे तुमचं. त्यात लाज कसली वाटते?"

  तोंडातनं निघालं ते सरळ निघालं.

"लाज नाही वाटत, सर. मासा चिरायला माझी ना नाही. पण माझा एक. बाकी ज्याचा त्यानं चिरावा."

कुणी हसलं नाय ह्या वेळी. पण कुणी माझ्या बाजूनंबी बोललं नाय. एकसुद्धा. मी सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं. कुणी मोबाइल बघत होतं, कुणी नखं.

"एवढा अभिमान असेल तर टीसी घेऊन जा परत तालुक्याला," सर म्हणाले. "इथं असं चालत नाही. इंटर्नल कोण देतं माहितीये ना?"

"माहिती आहे. तुम्ही."

"बाहेर हो."

मी बाहेर झाले. घरी नाही गेले. प्रयोगशाळेच्या दारात, व्हरांड्यात खाली बसले आणि पुस्तक उघडलं. आतून सरांचा आवाज येत होता, तो ऐकत बसले. तास संपल्यावर सगळे माझ्या अंगावरनं गेले. दुपारी बघितलं तर बॅचच्या ग्रुपमधनं मला काढलेलं.

त्यानंतर माझ्याशी कुणी बोलायचं ते पण बंद झालं. आधी निदान "ए, बाटली धू" तरी होतं. आता तेवढंही नाय. सूचना कळायच्या नाहीत, तास कधी बदलला ते कळायचं नाय. नोटीस लावतात त्या फळ्यापाशी मी रोज सकाळी जाऊन उभी राहायचे. संध्याकाळी खोलीवर आपलाच आवाज ऐकू यावा म्हणून पुस्तक मोठ्यानं वाचायचे. कितीदा वाटलं, द्यावं सगळं सोडून. त्या चौघींच्या डब्यात परत हात घालावा. टीसी काय, एका अर्जावर मिळते.

मग आबांचं "बरं" आठवायचं. आणि ती न थांबणारी जीप.

श्रावण सरला. मासे बाजारातनं आले, मामाच घेऊन आले. सरांनी मला आत घेतलं, घ्यावंच लागलं, नाव हजेरीत होतं. ट्रे मांडले. मी माझा ओढला. चिरला, आतडं काढलं, काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. हिरव्या शेवाळाचे कण होते. आमच्या पाण्यात उन्हाळ्यात येतं तसलंच काहीतरी. मी चित्र काढलं. मग कात्री धुतली, पुसली आणि जागेवर ठेवली.

बाकीचे ट्रेपाशी उभेच होते. माझ्याकडं बघत. श्रावण तर संपला होता. मी बाकावर जाऊन बसले. कुणीतरी कात्री उचलेपर्यंत बराच वेळ गेला, आणि त्या वेळात माशांचा वास सुटला. सरांनी पंखा लावायला सांगितला.

इंटर्नलला मला सगळ्यात कमी दिलेत. विचारलं तर म्हणाले, "वर्तन." बरं. लेखी माझ्या हातात आहे. तिथं कमी पडले तर पुन्हा बसीन. ह्याच कॉलेजात, ह्याच टेबलावर. परत तालुक्याला जा, असं सरांनी दोनदा सुचवलं, अजून सुचवतील. टीसी मी मागणार नाय. त्यांना नको असेल तर त्यांनी कारण लिहून द्यावं, सहीनिशी.

सोमवारी हजेरी होईल. माझं नाव शेवटी आहे, पेनानं लिहिलेलं. आता सर हजेरी मिटायच्या बेतात असले, तरी मी उभी राहून "हजर" म्हणते. मोठ्यानं. त्यांनी मान वर करेपर्यंत.