पानांची गार खोली

आम्ही तांबोळी. निजामाच्या राज्यात लोहाऱ्याच्या बाजारात आमचं विड्याच्या पानांचं दुकान होतं. मातीच्या जाड भिंती, वर मातीचंच जाड माळवद, उत्तरेला बुटकं दार. बाहेर ऊन मी म्हणायचं, पण आत आठ आठ दिवस पान टवटवीत राहायचं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत पत्रा मिळणं मुश्कील, तरी सासऱ्यांनी कुठनं तरी ओळखीनं पत्रे मिळवले अन् डोक्यात घेतलं, जुनं पाडून नवं दुकान बांधायचं. पत्र्याचं छत, रस्त्याकडं म्हणजे मावळतीला तोंड, भलंमोठं दार. रोज पानं उलटायचं, सडकी निवडायचं काम माझं. मला कळत न्हाय व्हय? म्या म्हणलं, "अब्बा, पत्र्याखाली पानं जगायची न्हाईत. माळवदच घाला, दार उत्तरेलाच ठेवा. मागच्या भिंतीत वर दोन झरोके काढा, गरम हवा निघून जाईल."

"तू भाकरी कर," सासरे म्हणाले. "दुकानाचं गवंडी बघंल."

गवंडी फिदीफिदी हसला. असा संताप आला म्हणता! दुकान झालं, उरलेल्या पत्र्यांची घरामागं परसात पडवीही काढली.

चैत लागला. दुपार होईस्तोवर पानं माना टाकायची. गिऱ्हाईक पान हातात घ्यायचं अन् परत ठेवायचं. सासरे उखडायचे ते माझ्यावर, "पाणी मारायला हात दुखतात का तुझे?" लई पाणी मारलं तर पानं काळी पडून कुजली. तेही माझ्याच माथी! घरादाराचं पोट त्या पानांवर, अन् हे पत्र्याला एक शब्द बोलू देईनात.

एका दुपारी दुकानात गेले, तर सासरे घामानं निथळत बसलेले अन् हातातल्या पंख्यानं पानांच्या टोपलीला वारा घालताहेत. मला बघून हळूच म्हणाले, "पोरी, तुझं खरं होतं."

एवढं ऐकायला मी तरसले होते. वाटलं, आता पत्रे उतरणार.

सासऱ्यांनी टोपल्या उचलायला लावल्या अन् थेट घरी आणल्या. घरात माळवदाची एकच खोली, तिथंच माझी चूल. "पानं हितं ठेवू, गार हाय," ते म्हणाले. "चूल तेवढी परसात पडवीला ने."

पानं पुन्हा आठ आठ दिवस टिकायला लागली. येईल त्याला सासरे कौतुकानं खोली दाखवायचे, "आमच्या सुनेची अक्कल!" मी परसात पत्र्याखाली घाम पुसत भाकरी थापायची.