बायकांचं पित्त

भूमच्या आठवडी बाजारात माझ्या दुकानाशेजारी बांगड्या भरणारी एक बाई गिऱ्हाइकाशी लाडानं बोलायची, मला मात्र "चाचा, उन्हातून सरका!" म्हणून दरडावायची. पन्नाशीला आल्यावर तिला दम लागायला लागला, छातीतली कळ जबड्यात जायची. म्या तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं तिला तपासलंच न्हाय. मलाच म्हणाला, "काळजाचं दुखणं गड्यांना होतं. बायकांचं पित्तच असतं."

पुढच्या बाजारी एका सासुरवाशिणीचा एक हात भरून झाला आन् बांगडीवालीला कळ आली.

"ऊठ बाई, चल," म्या म्हणलं.

"एक हात रिकामा ठेवून सुवासिनीला उठवू व्हय, चाचा?"

दुसरा हात भरून ती तिथंच आडवी झाली, ती गेलीच.

म्या डॉक्टरच्या दारात जाऊन शिव्या घातल्या. ओरडून ओरडून धाप लागली, तर त्यानं लगबगीनं माझ्या छातीला नळी लावली.