एक्का-दुर्री-तिर्री

लातूरला शिकवणीवर्गांचे पेव फुटले, तशा गल्लोगल्ली खानावळी निघाल्या. त्यांतली एक गुणाबाईंची. भूकंपात गाव आडवे झाले, नवरा व्यंकट घरच्या साऱ्यांसह गेला. बाळंतीण भावजयीला बघायला त्या माहेरी चाकूरला गेल्या होत्या, म्हणून तेवढ्या मागे राहिल्या. त्यानंतरच्या तेरा वर्षांत पोळीभाजीपलीकडचे त्यांना कोणी काही विचारले नव्हते.

त्या श्रावणात अर्धापूरची वर्षाराणी जेवता जेवता गणिताची वही उघडून बसली. बावन्न पत्त्यांतून दोन ओढले, तर दोन्हींवर चित्र असण्याची शक्यता किती? पोरीने उभ्या जन्मात पत्त्यांना हात लावला नव्हता.

"मावशी, पत्त्यात चित्रं किती असतात ओ?"

"बारा," गुणाबाई तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "गुलाम, राणी, राजा. चार रंगांचे तीन तीन."

ताटांवरच्या साऱ्या माना वर झाल्या.

पुढच्या रविवारी पत्त्यांचा जोड आला आणि दुपारी चिंचोक्यांवर तीन पत्तीचा डाव मांडला गेला. पोरींचे प्रश्न संपेनात. पत्ते न बघता कुठवर खेळायचं? नुसती जोडी असली तर शो मागायचा का?

"पत्ते वाईट आले की वढणी सारखी करू नको," गुणाबाई वर्षाराणीला म्हणाल्या. "समोरची तेच बघून राहिली."

अडले ते एकाच ठिकाणी. ओळीने येणाऱ्या तीन पत्त्यांत सर्वांत मोठे कोणते? गुणाबाईंच्या लेखी एक्का-दुर्री-तिर्री. पोरी एका सुरात म्हणाल्या, एक्का-राजा-राणी.

"आमच्या घरचा नियम हाय त्यो."

वर्षाराणीने वहीत आकडेमोड करून पाहिली. "मावशी, दोन्ही यायची शक्यता सारखीच हाय. मोठं कुठलं, ते माणसांनीच ठरवलेलं."

"मग आमच्या माणसांनी हे ठरवलं."

बोलून तर गेल्या, पण ते बोलणे त्यांच्या मनातून जाईना. ती माणसे आता होती कुठे? हा नियम ठाऊक असलेले एक तरी माणूस जगात उरले आहे का? नसेल, तर ते घर होते याला साक्ष फक्त आपली.

एक माणूस होते: नणंद शिवकांता, नांदेडला दिलेली. भूकंपानंतरही दोघींचे येणेजाणे होते. पण सुतकात पत्ते कोण काढणार? ते सुतक तेरा वर्षे लांबले. दिवाळीला पोरी आपापल्या गावी पांगल्या, खानावळीला कुलूप लागले आणि गुणाबाईंनी नांदेडची एस.टी. धरली.

फराळ झाल्यावर त्यांनी विषय काढला. शिवकांताला हसू आवरेना.

"वैनी, येडी का खुळी तू? आपल्या घरात कुठला असला नियम! दादानं ठोकून दिलं व्हतं."

"म्हंजी?"

"तुझी पयली दिवाळी. तुझ्याकडं एक्का-राजा-राणी, त्याच्याकडं एक्का-दुर्री-तिर्री. पैज आठवती का? तू हरलीस तर चारचौघांत त्याचं नाव घ्यायचं, उखाण्याबिगर. त्यो हरला तर आठ दिवस आडाचं पाणी त्यानं भरायचं. गावभर नाचक्की! लगीच म्हणला, आमच्यात हीच मोठी. आन् आमच्याकडं बघून डोळा मिचकावला. बाबा बी गप बसले, लबाड!"

गुणाबाईंना ती ओसरी आठवली. मान खाली घालून त्यांनी 'व्यंकट' म्हटले होते. तो कानामागे हात धरून 'न्हाई ऐकू आलं' म्हणाला होता. तीनदा म्हणायला लावले होते.

त्या हसल्या. हसता हसता रागही आला, कालच घडल्यासारखा ताजा. आत्ता उठावे, त्याला गाठावे आणि चांगले फैलावर घ्यावे.

"मी त्या पोरींशी भांडून राहिले की गं, आमच्या घरचा नियम म्हणून."

"मग सांग आता त्यास्नी, चुकलं म्हणून."

"सांगन." गुणाबाईंनी पदराने डोळे टिपले. "पर आठ दिवसांचं पाणी राहिलं तुझ्या दादाकडं."

शिवकांताचे हसू थांबले. गावातला तो आड केव्हाच बुजून गेला होता. तरी गुणाबाईंना आडाच्या वाटेने येणारा व्यंकट दिसला: खांद्यावर हिंदकळणारी घागर, सदरा भिजलेला, बायाबापड्यांची नजर चुकवत भराभर चाललेला. तसा तो कधीच आला नव्हता.